पालिकेच्या अंदाजपत्रकात पगार, कंत्राटं आणि पेन्शन कुठे शोधायचं

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक ठरलेली बातमी येते: महापालिकेचं अमुक हजार कोटींचं अंदाजपत्रक सादर, नागरिकांवर नवी करवाढ नाही. खाली उड्डाणपूल, नाट्यगृह, नदीकाठ सुशोभीकरण यांची यादी असते. त्या आकड्यातला किती पैसा आधीच बांधलेला आहे, म्हणजे पगार, पेन्शन, वीजबिल, कंत्राटदारांची देयकं आणि कर्जाचे हप्ते यांत जाणार आहे, हे त्या बातमीत बहुधा नसतं. सभागृहात ज्यावर भांडता येईल असा पैसा त्यानंतर उरतो, आणि तो ऐकणाऱ्याला वाटतो त्याहून बराच कमी असतो.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक ठिकाणी प्रशासक होते, त्यामुळे सभागृहात बसून अंदाजपत्रक पहिल्यांदाच हाती घेणारे नगरसेवक पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि प्रभागातल्या कार्यकर्त्यांसाठी, नव्या वार्ताहरांसाठी, ‘आमच्या घरपट्टीचं होतं काय’ असं विचारणाऱ्या कुणासाठीही. लेखाशास्त्र यायला हवं असं नाही. बेरीज आणि टक्केवारी आली की भागतं.

आधी योग्य कागद मिळवा

तुमची पालिका कोणत्या कायद्याखाली चालते ते पाहा. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, बाकीच्या महानगरपालिकांना १९४९ चा अधिनियम लागू आहे, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा. अंदाजपत्रक कोण मांडतं आणि कोण मंजूर करतं हे त्यावर ठरतं. महापालिकेत आयुक्त प्रारूप तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात भर घालते आणि मग ते सर्वसाधारण सभेत जातं. म्हणून हाती आलेली प्रत आयुक्तांची आहे, स्थायीची आहे की सभेने मंजूर केलेली, हे मुखपृष्ठावरच तपासा. स्थायीच्या प्रतीत जमेची बाजू फुगलेली असण्याची शक्यता जास्त. कामं वाढवायची तर ती कुठल्या तरी उत्पन्नासमोर दाखवावी लागतात, आणि कागदावरचं उत्पन्न वाढवायला काही लागत नाही.

अंदाजपत्रकाबरोबर आणखी दोन कागद लागतात: वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल. अंदाजपत्रकात पालिकेचा मनोदय असतो, लेख्यांत प्रत्यक्ष काय झालं ते असतं. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी लेखे ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची अट घातली होती, त्यामुळे बऱ्याच पालिकांचे लेखे ‘सिटीफायनान्स’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर सापडतात. पालिकेच्या संकेतस्थळावर ते लेखा विभागाच्या पानावर असतात, पुष्कळदा तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ म्हणून. वाचता येत असेल तर तक्रार करू नका, उतरवून घ्या.

रकाने उजवीकडून नव्हे, डावीकडून वाचा

प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे जमा किंवा खर्चाच्या प्रत्येक ओळीसमोर, साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा किंवा खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातम्या शेवटच्या रकान्यातून होतात. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा. मालमत्ता कराची प्रत्यक्ष वसुली ९० कोटी, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज १६० कोटी असेल, तर मधले ७० कोटी कुठून येणार हा तुमचा पहिला प्रश्न.

नंतर महसुली आणि भांडवली भाग वेगळे करा. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यातले सुमारे ४३ हजार कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे रस्ते, बोगदे, मलजल प्रकल्प अशा कामांचे. पगार आणि पेन्शन महसुली भागात, म्हणजे दरवर्षीच्या चालू जमाखर्चात, असतात. एकूण आकड्याशी त्यांची तुलना केली की ते लहान दिसतात. तुलना महसुली उत्पन्नाशीच करायची.

उत्पन्न किती वेगाने वाढतं ते पाहा

जकात, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी, या प्रवासात महापालिकांचा सर्वांत मोठा स्वतःचा झरा त्यांच्या हातून गेला. बदल्यात राज्य सरकार कायद्याने नुकसानभरपाई देतं. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून ती दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढते. ऐकायला बरं वाटतं. पण शहर कितीही वाढलं, व्यापार कितीही फुगला, तरी हा आकडा आठ टक्क्यांनीच वाढणार. पगार आणि पेन्शन मात्र असे सरळ रेषेत वाढत नाहीत. महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, आणि दहा वर्षांतून एकदा वेतन आयोग आला की बिल एकदम उसळतं, शिवाय मागचा फरक द्यावा लागतो. केंद्राच्या आठव्या वेतन आयोगाचं काम न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं आहे. राज्याने आणि मग पालिकांनी तो स्वीकारला की काय होईल, याची तरतूद तुमच्या अंदाजपत्रकात आहे का, हे आत्तापासून विचारता येतं.

नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच गेली. त्यांचे पगार मोठ्या प्रमाणात राज्याच्या सहायक अनुदानावर चालतात. अनुदान लांबलं की पगार लांबतो. तुमचं गाव नगरपरिषदेचं असेल तर आधी अनुदानाची ओळ शोधा, बाकीचं नंतर.

आस्थापना खर्च आणि तो ३५ टक्क्यांचा आकडा

आता मुख्य भाग. कायम कर्मचाऱ्यांचे वेतन, भत्ते, वैद्यकीय प्रतिपूर्ती वगैरे मिळून आस्थापना खर्च होतो. तो उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, असा राज्य शासनाचा दंडक आहे. मर्यादा ओलांडली की नोकरभरती अडते. नाशिक महापालिकेची भरती वर्षानुवर्षं याच कारणाने रखडल्याच्या बातम्या तिथल्या वाचकांना पाठ असतील.

टक्केवारी पालिकेने छापलेली असेल तरी स्वतः काढा. भागाकारात वर कोणता खर्च घेतला आहे ते पाहा: पेन्शन धरली आहे का, शिक्षकांचे पगार धरले आहेत का? शिक्षण विभागाचा हिशेब वेगळा असू शकतो, मुंबईत तर त्याचं ‘ई’ हे स्वतंत्र अंदाजपत्रकच असतं. खाली कोणतं उत्पन्न घेतलं आहे तेही पाहा. प्रकल्पांसाठी आलेली भांडवली अनुदानं किंवा कर्ज त्या उत्पन्नात मिसळलं असेल तर टक्केवारी आपोआप गोंडस होते.

याच्या जोडीला आकृतिबंध मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, हे त्यातून कळतं. संवर्गनिहाय तक्ता घ्या. एकूण तीस टक्के पदं रिक्त असं वाचून काही समजत नाही. लेखापाल, कनिष्ठ अभियंता, परिचारिका आणि अग्निशामक यांपैकी कुणाच्या खुर्च्या रिकाम्या आहेत त्यावर शहराचं काय होतं ते ठरतं. सफाई कामगारांची पदं मात्र भरती बंद असतानाही भरली जाताना दिसतील, कारण लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे निवृत्त किंवा मृत सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. खर्चाचा अंदाज बांधताना तो धरावाच लागतो.

एवढं केल्यावर ३५ चा आकडा हाताशी येतो, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. थांबू नका. माझ्या मते हा आकडा एकटा वाचला तर दिशाभूल करतो. पद रिक्त राहिलं तरी काम थांबत नाही, कचरा रोज निघतोच. ते काम कुणीतरी करतं आणि त्याचे पैसे कुठल्या तरी दुसऱ्या शीर्षाखाली दिले जातात.

कंत्राटी खर्च: हा एका ठिकाणी कधीच सापडत नाही

‘कंत्राटी कामगारांचे वेतन’ अशी एक ओळ शोधत बसलात तर रिकाम्या हाताने परताल. तो खर्च विखुरलेला असतो. घनकचरा विभागात संकलन व वाहतूक, पाणीपुरवठ्यात जलशुद्धीकरण केंद्र चालवणं व देखभाल, उद्यान विभागात उद्यान देखभाल, सामान्य प्रशासनात सुरक्षारक्षक आणि संगणक चालक पुरवठा, रुग्णालयांत ‘बाह्यस्रोत’, शाळांत ‘मानधन’. विभागवार पानं उलटत प्रत्येक अशा ओळीवर खूण करा आणि शेवटी बेरीज घ्या. हे कंटाळवाणं काम आहे. पण सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा, कारण पालिकेतसुद्धा ही बेरीज कुणी केलेली नसण्याची शक्यता दाट आहे.

बेरीज करताना प्रकार मिसळू नका. पालिकेने स्वतः करार करून सहा किंवा अकरा महिन्यांसाठी घेतलेला डॉक्टर वेगळा, रोजंदारीवरचा बेलदार वेगळा, ठोक मानधनावरची शिक्षिका वेगळी आणि ठेकेदाराने पुरवलेला सफाई कामगार वेगळा. पहिल्या तिघांचे पैसे पालिका थेट देते. चौथ्याचे ठेकेदाराला जातात, त्यातून त्याला किती मिळतात हे अंदाजपत्रकात दिसत नाही.

त्यासाठी निविदा आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) मागा. त्यात पाहायच्या गोष्टी या:

- कामगार किती आणि कोणत्या वर्गाचे: कुशल, अर्धकुशल, अकुशल
- किमान वेतन आणि विशेष भत्ता कोणत्या तारखेचा धरला आहे (विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो)
- भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा १२ टक्के, आणि ज्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे त्यांच्यासाठी मालकाचे ३.२५ टक्के
- ठेकेदाराचं सेवाशुल्क
- मुदत, आणि त्यानंतर दिलेल्या मुदतवाढी

दुसरा आणि चौथा मुद्दा एकत्र वाचा. रस्त्याच्या कामात अंदाजपत्रकीय दरापेक्षा १५ टक्के कमी दराची निविदा आली तर ठेकेदाराला खडी स्वस्त पडली असेल असं म्हणता येतं. मनुष्यबळ पुरवठ्यात मात्र जवळजवळ सगळा खर्च कायद्याने ठरलेल्या मजुरीचा. तिथे १५ टक्के कमी दर आला तर ती कपात कुणाच्या तरी पाकिटातून, पीएफमधून किंवा हजेरीपटावरच्या खोट्या नावांतून निघणार. सभागृहात अशा निविदेचं ‘पालिकेची बचत’ म्हणून कौतुक होतं तेव्हा हात वर करून पीएफची चलनं मागायची.

चलनं मागण्याचं दुसरंही कारण आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालक म्हणून पालिकेवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हे तत्त्व चालत आलेलं आहे. म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा देण्याची वेळ येऊ शकते.

त्याहून मोठी जोखीम न्यायालयात असते. मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांचा लढा कचरा वाहतूक श्रमिक संघाने औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. वर्षानुवर्षं बारमाही काम करून घेतलं आणि कागदावर मात्र नातं नाकारलं, की हिशेब असा उशिरा आणि एकदम येतो. तुमच्या पालिकेच्या वार्षिक लेख्यांत ‘संभाव्य दायित्वे’, म्हणजे पुढे भरावी लागू शकतील अशी देणी, हे परिशिष्ट शोधा, आणि विधी विभागाकडून कामगारांच्या प्रलंबित दाव्यांची यादी घ्या. परिशिष्ट कोरं आणि यादी लांबलचक असेल, तर तुम्हाला विचारायला प्रश्न मिळाला.

कंत्राटाचं आणखी एक रूप आहे ज्यात कामगार पूर्णच अदृश्य होतो. मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसचे चालक बेस्टचे नसतात, बस पुरवणाऱ्या कंपनीचे असतात. बेस्ट कंपनीला प्रति किलोमीटर दर देते आणि चालकाचा पगार त्या दरात विरघळलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये या चालकांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा हाल मुंबईकर प्रवाशांचेच झाले. तुमच्या शहरात बस, कचरा किंवा पथदिवे ‘प्रति किलोमीटर’, ‘प्रति टन’, ‘प्रति दिवा’ दराने दिले असतील, तर त्या दरात मजुरीचा वाटा किती धरला आहे ते दर पृथक्करणात, म्हणजे त्या दराच्या फोडीत, पाहायला मिळतं.

कंत्राट वाईटच असं मी म्हणत नाही. यांत्रिक सफाईची गाडी, वर्षातून एकदा होणारी नालेसफाई, सॉफ्टवेअर यांसाठी कायम माणसं ठेवण्यात अर्थ नसतो. कायम पद रिक्त ठेवून तेच रोजचं काम तीन-तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर करून घेणं आणि मग आस्थापना खर्च आटोक्यात आणला म्हणून पाठ थोपटून घेणं, याला मात्र माझी हरकत आहे.

पेन्शन: आज भरती थांबवून उद्याचं बिल कमी होत नाही

महापालिकेच्या निवृत्त कर्मचाऱ्याची पेन्शन राज्याच्या कोषागारातून येत नाही, महापालिकेच्याच तिजोरीतून जाते. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन आहे, त्यानंतरच्यांना अंशदायी योजना, म्हणजे कर्मचारी आणि मालक दोघांनी दरमहा भर घालायची. मुंबई महापालिकेत ही तारीख ५ मे २००८ आहे. तुमच्या पालिकेची तारीख आधी विचारून घ्या, सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

जुन्या योजनेतल्या एका माणसाचा खर्च कसा येतो ते पाहू. समजा शेवटचं मूळ वेतन ६० हजार, आणि गणित सोपं राहावं म्हणून महागाई भत्ता ५० टक्के धरू. पूर्ण सेवा झाली असेल तर पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे ३० हजार, वर महागाई वाढ. तो ४० टक्के पेन्शन विकू शकतो, म्हणजे महिना १२ हजार सोडून त्याबदल्यात सुमारे १२ लाख एकरकमी घेतो. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो आणि महागाई वाढ मधल्या काळातही पूर्ण ३० हजारांवरच मिळते. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांच्या वेतनाइतकं: ९० हजारांच्या हिशेबाने १४ लाख ८५ हजार. राज्यात त्याची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख झाली आहे. ३०० दिवसांच्या शिल्लक अर्जित रजेचे आणखी ९ लाख. म्हणजे निवृत्तीच्या वेळी जवळपास ३६ लाख, आणि पुढे दरमहा पेन्शन, त्यानंतर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन.

असे ४० जण एका वर्षात निवृत्त झाले तर १४ कोटींच्या वर रक्कम त्याच वर्षी लागते. हे कुणाला अनपेक्षित असायचं कारण नाही. प्रत्येकाची जन्मतारीख सेवापुस्तकात आहे, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत कोणत्या वर्षी किती जण निवृत्त होणार हे आस्थापना विभाग एका दिवसात सांगू शकतो. तो तक्ता मागा आणि अंदाजपत्रकातल्या निवृत्तिवेतन, उपदान व रजा रोखीकरण या ओळींशी ताडून पाहा. ज्या वर्षी निवृत्तांची संख्या दुप्पट होणार त्या वर्षीची तरतूद जेमतेम दहा टक्के वाढवलेली असेल, तर उपदान थकणार हे आजच सांगता येतं. निवृत्त झालेल्या माणसाला हक्काच्या पैशासाठी खेटे घालावे लागतात ते इथून सुरू होतं. पालिकेचा स्वतंत्र पेन्शन निधी आहे का, त्यात दरवर्षी किती भरलं आणि मधेच दुसऱ्या कामाला किती वळवलं, हेही विचारा.

अंशदायी योजनेत गणित वेगळं. कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो, शासकीय सेवेत मालकाचा वाटा १४ टक्के आहे. इथे पालिकेवर दूरचा बोजा नसतो, पण दर महिन्याला रोख लागते. म्हणून एकच गोष्ट तपासा: कपात झालेले पैसे आणि पालिकेचा वाटा कर्मचाऱ्याच्या खात्यात वेळेवर जमा झाला का? उशीर झाला तर मधल्या काळातला परतावा बुडतो.

मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्य कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला. त्यानंतर समिती बसली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने शेवटच्या वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी असलेली सुधारित योजना मान्य केली. तुमच्या पालिकेने ती स्वीकारली आहे का, आणि स्वीकारताना येणाऱ्या बोज्याचा अंदाज कुणी काढला का? ठराव एकमताने झाला असेल तर बहुधा काढलेला नसतो.

तीन बेरजा शेजारी मांडा

आता एक कोरा कागद घ्या. पाच वर्षांचे पाच उभे रकाने. पहिल्या ओळीत कायम कर्मचाऱ्यांचा खर्च, दुसरीत तुम्ही काढलेला कंत्राटी खर्च, तिसरीत पेन्शन, उपदान आणि रजा रोखीकरण. चौथीत महसुली उत्पन्न, भांडवली अनुदानं आणि कर्ज वगळून. फक्त प्रत्यक्ष आकडे घ्या, अंदाज नकोत.

पहिली ओळ सपाट आणि दुसरी चढती असेल, तर माणसं कमी झालेली नाहीत, शीर्ष बदललं आहे. तिसरी चौथीपेक्षा वेगाने चढत असेल, तर दरवर्षी रस्ते-गटारांसाठी उरणारा पैसा आकसत जाणार. पहिल्या तीन ओळींची बेरीज चौथीने भागली की जी टक्केवारी येते ती ३५ च्या शेजारी लिहा. त्यावरून लगेच घोटाळ्याचा आरोप करू नका. यातलं बरंचसं नियमात बसवूनच झालेलं असतं.

न मिळालेले आकडे मागायचे कसे

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या १७ बाबींत कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन आणि अंदाजपत्रकीय तरतुदी दोन्ही येतात. म्हणून आधी संकेतस्थळ धुंडाळा. २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहायला मिळायला हवेत. अर्ज करण्याआधी ती वाट वापरून पाहा, निविदांच्या जाड फायली प्रती घेण्यापेक्षा बसून चाळलेल्या बऱ्या.

अर्ज करायचाच तर महाराष्ट्रात तो एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानामागे दोन रुपये, उत्तराला ३० दिवस. पगार, कंत्राट आणि पेन्शन यांचे तीन वेगळे अर्ज करा, एकात घातले तर ‘एकापेक्षा अधिक विषय’ म्हणून परत येतील. व्यक्तींची नावं मागू नका, वैयक्तिक माहितीचं कारण पुढे होईल. संवर्गनिहाय संख्या आणि एकूण रकमा मागा. ‘का’ असा प्रश्न अर्जात नको, त्याला उत्तर देण्याची सक्ती नाही. ‘अमुक ठेक्याला दिलेल्या मुदतवाढीच्या आदेशांच्या प्रती’ असं कागदाचं नाव घेऊन लिहा. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील.

हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू करा. मार्चमध्ये सभा तोंडावर आल्यावर केलेल्या अर्जाचं उत्तर एप्रिलमध्ये येतं. डिसेंबरअखेरीस कागद हाती आला तर प्रशासन तरतुदी ठरवत असतानाच आपल्या नगरसेवकाला, लेखा विभागाला आणि स्थायी समितीच्या सभापतींना त्याची प्रत देता येते, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.